आंबट वासाची पाकिटं

कपाट उघडल्याबरोबर वास आला. मुरलेल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तसा, थेट नाकात चढणारा. डोळ्यांत पाणी आलं आणि मी दोन पावलं मागं सरकले.

"गेली पाच-सहा वर्षं येतोय," खुर्चीत बसलेले काका म्हणाले. "आम्हाला वाटलं उंदीर मेला असंल कुठंतरी. सगळी कपाटं हलवून बघितली. उंदीर काय सापडला नाही."

कृष्णाकाठच्या एका गावातला हा फोटो स्टुडिओ. काकांच्या वडिलांनी १९३८ साली तो सुरू केला आणि काकांनी २०११ मध्ये बंद केला. गाळा भाड्यानं द्यायचा होता. मोबाइल दुरुस्तीवाला आगाऊ रक्कम घेऊन तयार होता, आणि अडलं होतं ते मागच्या डार्करूममधल्या लोखंडी कपाटांपाशी. त्यांत गावाची तीन पिढ्यांची निगेटिव्ह्ज होती. लग्नं, बारशी, शाळेच्या वर्गांचे सामूहिक फोटो, स्थळांना दाखवायचे फोटो, आणि दारात खुर्चीवर बसवून काढलेले मयतांचे फोटोसुद्धा. माझ्या आई-वडिलांचा लग्नानंतरचा जोडीनं काढलेला फोटो याच स्टुडिओतला, १९६६ सालचा. घरातली प्रत वाळवीनं खाल्ली, म्हणून मी निगेटिव्ह शोधत इथं आले होते. गेले एका फोटोसाठी, आणि पुढचं दीड वर्ष त्या कपाटांतच गेलं.

तो वास उंदराचा नव्हता, फिल्मचाच होता. १९४८ मध्ये बाजारात आलेल्या सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट फिल्मला 'सेफ्टी' फिल्म म्हणत, कारण ती आधीच्या नायट्रेट फिल्मसारखी भडकत नसे. पण हवेतला दमटपणा आणि उष्णता मिळाली की तिचा पाया हळूहळू फुटतो आणि त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड म्हणजेच व्हिनेगर. सुटलेलं अ‍ॅसिड पुढची मोडतोड आणखी वेगानं घडवतं, म्हणजे एकदा सुरू झालेली गोष्ट स्वतःच स्वतःला ढकलत नेते. जगभरचे संग्राहक याला 'व्हिनेगर सिंड्रोम' म्हणतात. ट्रायअ‍ॅसिटेट फिल्म अशी सडते याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती ही फिल्म येऊन दहा वर्षं व्हायच्या आत, आणि ती केली होती भारत सरकारनं. उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या सरकारी फिल्म्स खराब होऊ लागल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबून राहिले. या आजाराचं निदान जगात सर्वांत आधी आपल्या हवेनं केलं, आणि आपल्याच गावोगावच्या स्टुडिओंपर्यंत त्याची खबर साठ वर्षांत पोचली नाही.

काकांनी तर सगळं काळजीनं केलं होतं. धूळ लागू नये म्हणून लोखंडी कपाटं घेतली, हवा जाऊ नये म्हणून दारांच्या फटींना रबर लावलं. नेमकं तेच बाधलं. आतल्या आत कोंडलेली आंबट वाफ एका पाकिटातून दुसऱ्यात शिरत गेली आणि धडधाकट निगेटिव्ह्जही तिनं धरली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटनं या अ‍ॅसिडचं मोजमाप करणाऱ्या कागदी पट्ट्या काढल्या आहेत. निळी पट्टी डब्यात निगेटिव्हजवळ दिवसभर ठेवायची. ती निळीच राहिली तर फिल्म ठीक, हिरवी झाली तर आजार सुरू झाला, पिवळी पडली तर घाई करा. आम्ही प्रत्येक खणात एकेक पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या नातवानं खण उघडले. वरच्या दोन खणांत निळसर-हिरवा रंग होता, तिसऱ्यात हिरवा, आणि खालच्यात हळदीसारखा पिवळा. काका काहीच बोलले नाहीत. उठून त्यांनी कपाटाची चारही दारं सताड उघडी टाकली.

त्याच संस्थेच्या हिशोबानं, २१ अंश सेल्सियस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या अ‍ॅसिटेट फिल्मला हा आजार जडायला साधारण चाळीस वर्षं लागतात. आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात काय असतं आणि जुलैमध्ये काय असतं, हे वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या दशकातली लग्नं आज त्या उंबरठ्यावर उभी आहेत.

सगळ्यात वरच्या खणात मात्र वेगळंच भय होतं. काकांच्या वडिलांच्या काळातल्या काही शीट फिल्म्स पिवळट, चिकट झाल्या होत्या आणि दोन-तीन एकमेकींना चिकटून त्यांचा मधासारखा लगदा झाला होता. ही नायट्रेट. १९५० च्या आसपासपर्यंत ती वापरात होती. बंदुकीच्या पांढऱ्या दारूची ती चुलत बहीण. जळताना ऑक्सिजनही स्वतःच पुरवते, म्हणून पाण्याखालीसुद्धा विझत नाही, आणि फार सडलेली नायट्रेट चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि आपल्या सिनेमाच्या पहिल्या पिढीची मूळ रिळं तिच्यात गेली. त्या दिवसाची आठवण चित्रपट संग्रहालयातली जुनी माणसं अजूनही आवाज खाली आणून काढतात.

नायट्रेट कशी ओळखायची, हे काकांनी मला दाखवलं. शीट फिल्मच्या एका कोपऱ्यात बारीक खाचा असतात. अंधारात बोटानं चाचपून मसाल्याची, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थराची, बाजू कोणती हे कळावं, म्हणून कारखान्यातच त्या पाडलेल्या असत. कोडॅकच्या जुन्या शीटवर कडेची पहिली खाच इंग्रजी व्ही सारखी टोकदार असेल तर नायट्रेट, यू सारखी गोल असेल तर सेफ्टी. काकांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख खाचेवरून फिरवलं. "ही टोकाची. ही बी टोकाची. ही गोल." पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या अंगठ्यात अख्खी डार्करूम शिल्लक होती. टोकाच्या खाचांची सगळी पाकिटं आम्ही वेगळी काढली, घरापासून दूरच्या मोकळ्या, सावलीच्या खोलीत नेली आणि त्यांचे फोटो सर्वांत आधी घेतले.

काचा फार थोड्या उरल्या होत्या. गावाकडे निगेटिव्हला आजही कुणी कुणी 'काच'च म्हणतं, कारण फिल्मच्या आधी मसाला काचेवर थापलेला असे. काच आंबत नाही, आकसत नाही. न फोडता ठेवली तर शंभर वर्षांनीही तिच्यावरच्या माणसाच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो. राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं १९८९ मध्ये घेतल्या, म्हणून एकोणिसाव्या शतकातली संस्थानं आज आपल्याला इतकी स्वच्छ दिसतात. इथल्या काचा कुठं गेल्या, हे मी विचारलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला.

"मीच धुतल्या," ते म्हणाले. "साठ-बासष्टची गोष्ट. मी शाळेत होतो. फ्रेमला काच मिळायची नाही, मिळाली तर महाग. वडील म्हणाले, जुन्या धुऊन घे. कढत पाण्यात कॉस्टिक सोडा टाकला की मसाला सालीसारखा सुटून वर यायचा. माणसं पाण्यावर तरंगायची आणि मोरीत जायची. शेकड्यानं धुतल्या असतील बघा. गावात ज्यांच्या घरी आमच्या फ्रेमा आहेत, त्यांच्या देवाच्या तसबिरीपुढची काच म्हणजे कुणाचं तरी लग्न आहे."

यात काकांचा दोष मला तिळभरही दिसत नाही. चांदी आणि काच या दोन्ही वस्तूंना तेव्हा मोल होतं, आठवणीला नव्हतं. 'आलम आरा' या १९३१ च्या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. फिल्ममधल्या चांदीसाठी रिळं विकली जाणं त्या काळी नेहमीचंच होतं. जिथं मोठ्या कंपन्यांनी हे केलं, तिथं फ्रेमला काच न मिळणाऱ्या गावच्या फोटोग्राफरला काय बोलायचं?

नदीनं नेलेलं वेगळंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी दुकानात छातीपर्यंत चढलं आणि कित्येक दिवस उतरलं नाही. खालचे दोन खण बुडाले. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी गच्चीवर चादरी अंथरल्या आणि पाकिटंच्या पाकिटं उन्हात वाळत घातली. कुणीही हेच करील. पण निगेटिव्हवरचा मसाला म्हणजे जिलेटिन, ते भिजलं की फुगतं आणि ज्याला टेकून वाळेल त्याला कायमचं धरून बसतं. उन्हात त्या पाकिटांच्या विटा झाल्या. आम्ही एक वीट सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा एका मुलाचा चेहरा कागदाबरोबर निघून आला आणि फिल्मवर नुसती टोपी राहिली. त्यानंतर आम्ही हात लावला नाही.

पूर पुन्हा येणार आहे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते. भिजलेली निगेटिव्ह्ज वाळू द्यायची नाहीत, हेच खरं पहिलं पाऊल. स्वच्छ, गार पाण्याच्या बादलीत ती ओलीच ठेवायची, दोन दिवसांच्या आत एकेक अलगद सोडवायची, पाण्यातून काढून दोरीला कोपऱ्यावर चिमटा लावून सावलीत टांगायची. तेवढे हात नसतील तर ओल्या गठ्ठ्यांत प्लास्टिक घालून ती सरळ फ्रीजरमध्ये टाकायची. गोठलेला गठ्ठा महिन्यांनीसुद्धा पाण्यात सोडवता येतो, उन्हात वाळलेला नाही. पाकिटावर लिहिलेला नंबर मात्र आधी दुसऱ्या कागदावर उतरवायचा, शाई पाण्यात टिकत नाही. अन् काचेवर मसाला असेल तर ती गोठवायची नाही.

डिजिटायझेशन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे महागडं स्कॅनर येतं. आमचं काम दोन तरुणांनी उभं केलं, दोघेही याच गावचे. एक पुण्यात लग्नांचे फोटो काढतो, दुसरी कोल्हापुरात कलाशाळेत शिकते. डार्करूममध्ये काकांचा जुना एन्लार्जर गंज धरून उभा होता. त्यांनी त्याचं डोकं उतरवलं, खांब आणि खालचा पाट तसाच ठेवला, डोक्याच्या जागी मॅक्रो लेन्सचा डिजिटल कॅमेरा उलटा बसवला आणि पाटावर एलईडीची सपाट पेटी. ज्या खांबावरून पन्नास वर्षं निगेटिव्हमधून कागदावर उजेड खाली पडत होता, त्याच खांबावर आता उजेड खालून वर जाऊ लागला. काका रोज दहा वाजता येऊन खांबाचं हँडल फिरवून उंची लावून देत. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

हातात नायट्राइलचे मोजे, निगेटिव्ह कडेनं धरायची, रबरी फुग्यानं धूळ उडवायची, मसाल्याची बाजू कॅमेऱ्याकडे. काचेखाली दाबली तर तेलकट इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात, म्हणून नुसत्या काळ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत धरायची. फोटो कडेसकट घ्यायचा, कारण कंपनीचं नाव, खाच, कोपऱ्यात शाईनं घातलेला नंबर हे सगळं त्या कडेतच असतं. पस्तीस मिलिमीटरची एक चौकट इंचाला चार हजार ठिपके या हिशोबानं घेतली तर सुमारे २ कोटी १४ लाख ठिपक्यांचं चित्र होतं, आणि सोळा बिटांच्या कृष्णधवल टिफ फाइलला ४३ एमबी लागतात. हाफ प्लेट साइजची निगेटिव्ह त्याहून कितीतरी मोठी, ती तुकड्या-तुकड्यांनी टिपून जोडावी लागते. कलाशाळेतल्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शोधून काढली. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय असते, ती रंगीत फिल्मवर चालते, पण कृष्णधवल फिल्मवर चालत नाही. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात. कृष्णधवल चित्र चांदीचं असतं, ती इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्राला सगळी माणसंच धूळ वाटू लागतात. म्हणजे हातानंच पुसायचं.

फाइल घेतल्यावर लगेच त्यांत रंग भरायचा, चेहरे चकचकीत करायचे, फाटलेला गाल संगणकाकडून भरून घ्यायचा मोह होतो. नव्या प्रोग्रॅमना तर एका झटक्यात डोळे, पापण्या, दात सगळं करता येतं. माझं त्यावर ठाम मत आहे. तो गाल त्या माणसाचा नसतो, लाखो दुसऱ्या गालांची ती सरासरी असते. घरात लावायला कुणी करून घेतलं तर हरकत नाही, पण पहिली फाइल होती तशी, डागांसकट, चिरांसकट ठेवलीच पाहिजे. आणि फाइल झाली म्हणून निगेटिव्ह टाकायची नाही. गावातल्या एका घरात मुलानं सगळे रोल एका डिस्कवर उतरवले आणि मूळ रोल भंगारात दिले. डिस्क पाच वर्षांत वाचेनाशी झाली. आमच्या फाइलींच्या तीन प्रती आहेत, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. निगेटिव्ह्ज आता आम्लरहित कागदाच्या चार घडींच्या पाकिटांत आहेत, आणि पिवळ्या पट्टीवाली सगळी, ओल न शिरणाऱ्या दुहेरी पिशव्यांत, एका साध्या घरगुती फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं. मोबाइलवाल्यानं तो फ्रीजर गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात राहू दिला आहे. वीजबिल निम्मं-निम्मं.

पण या सगळ्याहून अवघड काम नावांचं निघालं. निगेटिव्हमध्ये माणूस ओळखू येत नाही. केस पांढरे, चेहरा काळा, कुंकू उजळ. पॉझिटिव्ह केल्यावरही समोर येतो तो एक अनोळखी माणूस. त्याला नाव देणारी एकच वस्तू होती, काकांची रजिस्टरं. नंबर, तारीख, गिऱ्हाईक, साइज, प्रती, पैसे. निगेटिव्हच्या कोपऱ्यातला नंबर रजिस्टरात शोधायचा. १९५० च्या आधीची रजिस्टरं मोडीत होती, कारण काकांचे वडील हिशोब मोडीतच लिहीत. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक शेजारच्या तालुक्यातून एसटीनं दर शनिवारी येत आणि संध्याकाळच्या गाडीनं जात. त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. एका शनिवारी त्यांना स्वतःच्या आजोबांचं नाव सापडलं. कॅबिनेट साइज, तीन प्रती. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि काही न बोलता पुढचा नंबर वाचायला घेतला.

हे सगळं लोकांपुढं मांडायचं का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो. निगेटिव्ह स्टुडिओत राहिली तरीही. आणि कायद्याच्या पलीकडे, स्थळांना दाखवायला काढलेल्या मुलींच्या फोटोंचा एक अख्खा खण आहे. त्यांतल्या कितीतरी आज आज्या आहेत. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं तरुणपण आम्ही कुणाला दाखवणार नाही. काकांचं म्हणणं याहून साधं होतं. "ज्याचा फोटो, त्याला द्यायचा. दुकान ह्यासाठीच होतं."

माझ्या आई-वडिलांची निगेटिव्ह शेवटी तिसऱ्या कपाटात सापडली. पट्टी हिरवी दाखवत होती. कोपऱ्याकडून पाया आकसायला लागला होता आणि वडिलांच्या खांद्यावर मसाल्याची एक बारीक वळी उठली होती. चेहरे मात्र शाबूत होते. आईला मी गावी घेऊन आले. तिनं आधी काकांना नमस्कार केला, मग पेटीवर वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर भुताचं दिसतंय."

काकांनी निगेटिव्ह उचलली आणि उजेडाकडे तिरकी धरली. तेव्हा मला ते दिसलं. आईच्या चेहऱ्याच्या जागी, मसाल्याच्या बाजूला, पेन्सिलीच्या बारीक, चमकत्या टिंबांचं जाळं. लहानपणी आईला देवी आल्या होत्या. व्रणाचा खड्डा फोटोत काळा येतो, म्हणजे निगेटिव्हवर तिथं फिल्म पारदर्शक राहते. तेवढंच टिंब कडक पेन्सिलीनं भरलं की प्रिंटवर व्रण नाहीसा होतो. सॅंडपेपरवर सुईसारखं टोक काढायचं, निगेटिव्हखाली आरसा लावायचा आणि भिंग डोळ्याला धरून एकेक खड्डा भरत जायचा. लग्नाच्या फोटोला हे काम वेगळं न सांगता केलं जाई. "वडिलांनी केलंय," काका म्हणाले. "माझा हात एवढा बारीक कधी नव्हता." घरातल्या त्या वाळवीनं खाल्लेल्या फोटोत आईचा चेहरा का इतका तुळतुळीत होता, ते मला साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कळलं.

कलाशाळेतल्या मुलीनं त्या निगेटिव्हच्या दोन फाइली केल्या, एक खालून उजेड देऊन, एक वरून तिरका उजेड टाकून. पेन्सिल पुसायची नाही, हे तिनं आईला दोनदा सांगितलं. आई पडद्यासमोर बसून दुसरीच फाइल पाहत राहिली. तिनं पडद्यावरच्या एका टिंबावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या डाव्या भुवईवर नेलं. "हा इथला," ती म्हणाली. मग हनुवटीवर. मग नाकाच्या बाजूला. बराच वेळ ती असं करत होती आणि आम्ही कुणी मधे बोललो नाही.

रजिस्टरात त्या नंबरापुढे फक्त माझ्या आजोबांचं नाव होतं, कारण पैसे त्यांनी दिले होते. मी वर्णनाच्या रकान्यात वडिलांचं पूर्ण नाव घातलं, मग आईचं.

"माहेरचं बी लिही," आई म्हणाली.